सांबरशिंगाची मूठ

२०१८ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो आन् दाढी माझ्याच वस्तऱ्यानं करीत होतो. त्या वस्तऱ्याची मूठ सांबराच्या शिंगाची, हे सारं गाव जाणत होतं, कारण मीच सांगितलेलं.

मूठ करून देणारा वसमतला धान्यबाजाराच्या मोंढ्यामागं बसायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं न्हाई, अंगठ्याकडं पाहायचा आन् त्या मापानं शिंग घासायचा. काम झालं की आजूबाजूला बघून आवाज उतरवायचा. "सांबर हाये. कुठं बोलू नका." गिऱ्हाईक दोन दिवसांत गावभर सांगून मोकळं व्हायचं.

त्याच साली एक दिवस मी मुठीची ढिली खीळ ठोकून घ्यायला गेलो, तर जंगलखात्याचा माणूस येऊन उभा. सांबराचं शिंग विकणं गुन्हा, ठेवणं बी गुन्हा. त्यानं नेमका माझाच वस्तरा उचलला. "कशाची मूठ, बाबा?"

मी छाती काढून सांगणारच होतो. तेवढ्यात मूठवाल्यानं तापलेली सुई मुठीला टेकवली. केस जळाल्यासारखा वास सुटला.

"म्हशीचं शिंग, साहेब. सांबराचं असतं तर हाड जळाल्याचा वास आला असता. बराबर?"

साहेब हसत निघून गेला. मी भडकलो. "बावीस वर्षं फसवलंस रे मला!"

"मामा, सांबराची असती तर आज दोघं बी जेलात असतो," सुईचा डाग घासत तो म्हणाला. "आन् म्हशीची म्हणलो असतो, तर तुमी घेतली असती का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दाढीला बसलो. शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, "मूठ कशाची हो?"

मी आजूबाजूला पाहिलं, आवाज उतरवला आन् म्हणालो, "सांबर हाये. कुठं बोलू नका."