वाटीतली कवळी

"शुगर?" असं मी विचारलं, म्हातारा "नको" म्हणाला, आणि मी त्याला शुगर नाही असं समजलो. माझ्या हातून झालेला गाढवपणा एवढाच. बाकी जे झालं ते माझ्या हातून झालेलं नाही. कोणाच्या हातून झालं, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही...

भूत, करणी, भास या खात्यातला मी माणूसच नाही. आमचं घर बौद्ध, अंबरनाथच्या बुवापाड्यातलं. बाबा फॅक्टरीत फिटर. घरात कोणी "बाहेरचं काही असेल हो" म्हणालं की बाबा त्यालाच बाहेर काढायचे, चपला हातात देऊन. लहानपणी एकदा संध्याकाळी पिंपळाखाली काहीतरी पांढरं हलताना पाहून मी रडत घरी आलो, तर मला हाताला धरून परत तिथेच नेलं. शेजाऱ्यांचं धोतर वाऱ्याने उडून अडकलं होतं. वर ते मला घडी करून त्यांच्या घरी पोचवायला लावलं. अशा घरात भुताची भीती टिकत नाही, धोतराची टिकते.

तर बारावी सायन्सला दोनदा आपटल्यावर मी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका दाताच्या दवाखान्यात कामाला लागलो. साल एकोणनव्वद किंवा नव्वद. कापड दुकानांच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकडी, मागे खुर्ची, मध्ये हिरवा पडदा. बाहेर बोर्ड — 'फॅमेली डेंटल क्लिनिक'. पेंटरने 'फॅमेली' लिहिलं ते आमच्या डॉक्टर कविता मॅडमनी तसंच राहू दिलं. "जाने दो, लोगांना समजतं ना?" मॅडम सिंधी, हिंदी-मराठीची मिसळ बोलायच्या, आणि त्यांचं एकच म्हणणं — दाताच्या डॉक्टरकडे माणूस घाबरून येतो, त्याला पाहुण्यासारखं बसवायचं. पोरांसाठी खेळण्यांची टोपली होती. सुरुवातीला त्यांच्या रिवाजाप्रमाणे आल्यागेल्याला पापड आणि पाणी दिलं जायचं. पण दाढ दुखणाऱ्या एका गृहस्थाने तो पापड चावला आणि त्यानंतर भर गल्लीत तो जे काही बोलला, त्यामुळे पापड बंद झाला आणि चहा सुरू झाला.

चहा माझ्याकडे. किटलीत बिनसाखरेचा, साखर वेगळ्या डब्यात, विचारून घालायची. शिवाय पेशंटला आजार विचारून मॅडमना सांगणं, तेही माझ्याकडेच. बीपी आहे का, हार्टचं काही आहे का, शुगर आहे का. आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं.

त्या दिवशी दुपार व्हायच्या बेताला पालेगावचे पदूकाका आले. आगरी म्हातारा, उंच, काटक, एका गालाला रुमाल बांधलेला. शेत होतं, भात लावायचे. दाढ काढायची होती, आणि बायकोची कवळी दुरुस्तीला टाकलेली, ती घेऊन जायची होती. हिराआजीची खालची कवळी तिच्याच हातून मोरीत पडून तडकली होती. मापाला लागते म्हणून वरचीही सोबत दिली होती. दुरुस्त होऊन आली होती आणि वरच्या-खालच्या दोन्ही मी पाण्यात बुडवून स्टीलच्या वाटीत, आतल्या खोलीतल्या फळीवर ठेवल्या होत्या.

मी किटली घेऊन काकांसमोर उभा राहिलो. "बीपी?" "नाय." "हार्टचं काही?" "नाय रं." तेवढ्यात हातातला कप भरला, आणि मी विचारलं, "शुगर?"

"नको," काका म्हणाले.

मी कपात साखर घातली नाही, आणि आत जाऊन मॅडमना सांगितलं, "शुगर नाही." म्हणजे बघा, त्या 'नको'चा अर्थ मला दोन्हीकडून लागला होता. फक्त दोन्ही अर्थ माझ्या डोक्यात एकमेकांना भेटले नाहीत. डोकं तसं प्रशस्त होतं.

काका खुर्चीत बसले. मॅडमनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि लाईट गेली. चार नंबरला लाईट जाणं म्हणजे काही बातमी नव्हे. पंखा थांबला, कॉम्प्रेसर थांबला, खोलीत एकदम शांत झालं. मॅडम म्हणाल्या, "खिडकी खोल, इतक्या उजेडात होतंय." खिडकी उघडली. ऊन आत आलं. बाहेर फॅक्टरीचा दुपारचा भोंगा झाला.

आणि फळीवर वाजलं. कट.

मला वाटलं, वाटी कलंडली. पाहिलं तर वाटी जागेवर. मॅडम जबडा तपासत होत्या. "काका, होठ जड झाला? मोटा वाटतो?"

काका काहीतरी पुटपुटले. शब्द घसरत होते, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. बधिर झाल्यावर सगळेच असे बोलतात, त्यात नवल नाही. कपाळावर घाम होता. पंखा बंद, आणि दाढ काढायची — घाम सगळ्यांनाच येतो.

कट-कट... कट-कट-कट.

या वेळी मी फळीजवळ गेलो. सांगतो ते जसंच्या तसं सांगतो. पाण्यात कवळ्या हलत होत्या. वरची खालचीवर आपटत होती. दोन सुटे तुकडे हो ते! मध्ये बिजागरी नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. आणि सारखं एका लयीत नाही. दोन-तीनदा आपटायच्या, थांबायच्या, पुन्हा भराभर. जसं कोणी बोलतं, दम खातं, पुन्हा बोलतं.

बाबांचा मुलगा म्हणून मी शास्त्रीय पद्धतीने वागलो — वाटीवर बशी झाकण म्हणून ठेवली.

आवाज वाढला. आता बशीही थडथडायला लागली.

"मिलिंद! वो क्या बजा रहा है तू?"

"मी नाही मॅडम."

"तो कौन? मेरी सास?"

"उंदीर असेल, मॅडम," मी म्हणालो. स्टीलच्या वाटीत, पाण्यात, बशीखाली उंदीर. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की बारावीचे मार्क पुन्हा एकदा वाचल्यासारखं झालं. मी बशीवर कापसाचा जड डबा ठेवला. त्यांनी चिमटा उचलला, दाढेचा, मोठा. "काका, अब बिलकुल हिलना नहीं हां." काका हलणार कसले. डोळे अर्धे मिटलेले, हात खुर्चीच्या दांड्यावरून खाली घसरलेले. मला वाटलं, किती शांत पेशंट आहे! बाहेरच्या पोरांना दाखवायला हवा.

चिमटा तोंडाजवळ गेला आणि वाटीने असा आवाज केला की कापसाचा डबा, बशी, सगळं खाली. बशी फुटली. पाणी फळीवरून गळायला लागलं. कवळी वाजतच होती — आता थांबत नव्हती, दम खात नव्हती. कटकटकटकट.

मॅडमचा हात थांबला. मी पाहिलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी आवाज ताब्यात ठेवून म्हणाल्या, "ले जा उसको बाहर. अभी के अभी."

मी वाटी उचलली. हातात जिवंत काहीतरी धरल्यासारखं वाटलं, बोटांना ठोके लागत होते. पडद्याच्या बाहेर पाऊल टाकलं — आवाज बंद. एकदम. बाकड्यावर एक बाई पोराला घेऊन बसली होती, ती म्हणाली, "काय फुटलं ओ?" मी म्हटलं, "काही नाही ताई." आता मला इथेच वाटी ठेवून मोकळं होता आलं असतं. पण माझा स्वभाव म्हणजे, खात्री करून घ्यायची. पडद्याच्या आत पुन्हा पाऊल टाकलं. कटकटकट! बाहेर... गप्प. आत... कटकटकट! बाई बघत होती आणि मी पडद्यातून आत-बाहेर करत होतो, तमाशातल्या नाच्यासारखा.

मॅडम ओरडल्या, "पागल हो गया क्या?"

"मॅडम, ही काकांच्या जवळ आली की वाजते," मी म्हणालो, आणि ते सिद्ध करायला वाटी थेट काकांच्या छातीजवळ धरली. "काका, तुमच्या घरचीच आहे ना ही? आजीची?"

कवळी अशी आपटत होती की पाणी काकांच्या तोंडावर उडालं, आणि तोंडावर पाणी उडालं तरी त्यांची पापणी हलली नाही.

तेव्हा मॅडमनी चिमटा खाली टाकला. काकांचा हात धरला. "ठंडा है... पूरा भीगा हुआ है. काका! काका, इधर देखो!" काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "बैल... बैल बांद..." आणि मान कलली.

"मिलिंद, शुगर है इनको?"

"नाही मॅडम. मी विचारलं ना, 'शुगर?' म्हटलं, तर ते..."

आणि बोलता बोलता माझं बोलणं थांबलं. एका हातात किटली, एका हातात कप, आणि काका म्हणताहेत, "नको". शुगरवाल्याशिवाय बिनसाखरेचा चहा कोण पितो पालेगावात?

"मॅडम, ते चहाचं म्हणाले असतील..."

मॅडम काय म्हणाल्या ते सिंधीत होतं, म्हणून इथे लिहीत नाही. "शक्कर ला! भाग!"

मी साखरेचा डबा आणायला पळालो, पडद्यात अडकलो, पडदा दांडीसकट खाली. डबा घेऊन आलो. मॅडमनी काकांचं डोकं एका बाजूला धरलं आणि ओल्या बोटाने साखर गालाच्या आत, हिरड्यांना चोळायला लागल्या. थोडी, पुन्हा थोडी. मी एका हातात वाटी आणि एका हातात डबा धरून उभा. वाटी वाजतच होती. मी मनात काय म्हणत होतो? बाबांची क्षमा मागून सांगतो — "आजी, ऐकलं, ऐकलं, देतोय साखर," असं म्हणत होतो.

काकांनी जीभ हलवली. गिळलं. पुन्हा गिळलं. मॅडमनी मग चमच्याने साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू डोळे नीट उघडले, आणि पहिलं वाक्य काय, तर, "दाढ निंगाली का?"

वाटी गप्प झाली होती. मी पाहिलं तेव्हा दोन्ही कवळ्या तळाशी पडल्या होत्या, जणू कधी हलल्याच नव्हत्या.

शेजारच्या गल्लीतले एमबीबीएस डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, सकाळी इन्सुलिन घेऊन हा माणूस उपाशी निघालाय, त्यामुळे रक्तातली साखर एकदम उतरली. थोडा उशीर झाला असता तर दाढेबरोबर माणूसही गेला असता. काका लाजून म्हणाले, दात काढताना उलटी होईल म्हणून भाकर खाल्ली नाही. दाढ त्या दिवशी राहिली. मॅडमनी मला बजावलं, "कवळीचं बाहेर कुणाला बोललास तर पेशंट येणं बंद होईल. और तू काका को घर छोड़ के आ."

रिक्षाने पालेगावला गेलो. काका एका बाजूला, मांडीवर वाटी. वाटी सारखी बघत होतो, ती गप्प.

सून दारातच उभी होती. "आयलं का? बरं हाय ना बाबांना?" मी काही बोलायच्या आतच ती सांगायला लागली. सासऱ्याची झाकून ठेवलेली भाकर तशीच दिसली आणि हिराआजीने जे तोंड सोडलं ते भोंगा झाला तेव्हापासून. उंबऱ्यावर बसून, रस्त्याकडे बघून, बोळक्या तोंडाने एकसारखी ओरडत होती — साखर द्या, त्याला साखर द्या. दात नाहीत, कोणाला नीट कळेना. आळीतल्या बाया हसायला लागल्या. "तोंड दुखंल म्हनून हात लावला तर माजा हात झिडकारला," सून म्हणाली. "मंग एकदम गप झाल्या. पानी पिल्या नि आडव्या झाल्या. मना वाटलं, यांनाच काय झालं."

फोन त्यांच्या घरी नव्हता, आळीतही नव्हता.

आतून आजी आली. बारीक बाई, डोळे लाल. नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, त्याच्या हाताला हात लावला, आणि आत जाऊन भाकर-दूध आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो खायला लागला तेव्हाच तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाटी दिली. तिने कवळी तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला. तो आवाज ऐकून मी एक पाऊल मागे सरलो.

मग मला राहवलं नाही. चहापासून पडद्यापर्यंत सगळं सांगितलं. सून तोंडावर पदर धरून ऐकत होती. काका खायचे थांबले. आजी मात्र भाजीचा भाव ऐकावा तशी ऐकत होती. बशीचं ऐकल्यावर एवढंच म्हणाली, "म्हंजी मी वरडतंय नि तू झाकन ठेवतंस?"

पुढे कितीतरी वर्षं मी याचा विचार केला. कॉम्प्रेसर बंद होता. रस्त्यावरून ट्रक गेला नव्हता. लाईट आल्यावर मॅडमनी आणि मी दुसऱ्या कोणाच्या कवळ्या वाटीत घालून, फळी हलवून, खुर्ची हलवून पाहिली — काही वाजलं नाही. मॅडमना विचारलं की त्या विषय बदलायच्या. बाबांना एकदाच सांगितलं, तर ते म्हणाले, "तुझं लक्ष नव्हतं, तेवढंच खरं आहे त्यात." भुतावर माझा विश्वास नाही, आणि आजी तर धडधडीत जिवंत होती.

त्या दिवशी निघताना मी तिलाच विचारलं होतं, "आजी, पण हे झालं कसं?"

"कसं म्हंजी काय?" ती म्हणाली. "नवरा माजा, दात माजं. तुज्याच टकुऱ्यात उशिरा शिरतंय, त्याला मी काय करू?"