शेवंताकाकूचा पांढऱ्या

शेवंताकाकू व्हॅनला बैलासारखी बांधायची. गोष्ट सांगताना मी एरवी पदरचं घालतो, इथे गरजच नाही. भिलाईच्या स्मृति नगरात आमच्या शेजारी राहून ती लग्नाची जेवणं पुरवायची. व्हॅनचं नाव पांढऱ्या, तिच्या भंडाऱ्याकडच्या माहेरच्या बैलाचं. गाडी उभी केली की मागच्या अ‍ॅक्सलला हत्ती आवरेल अशी सांकळ; दुसरं टोक फाटकाशी गाडलेल्या रुळाच्या खुंट्याला.

“काकू, ही बटणाची गाडी. चावीत चिप असते. चावी जवळ नसली तर इंजिन सुरूच होत नाही!”

“चिप्स त म्या आजच टोपलंभर तळले. जनावर खुट्यालेच बांधलं पायजे. तुले हासाचं असन त हास, बापा.”

मी हसलो. गल्ली हसली.

मग काकूच्या भाचीचं लग्न आलं, भिलाई-3ला. जेवण काकूकडे. रणरणत्या दुपारी वरणभाताची सगळी गंजं, म्हणजे मोठाली पातेली, गाडीत चढवून ती पातळ बदलायला आत गेली. तेवढ्यात दोन चोर आले. एक जण सिग्नल पकडायची पेटी घेऊन घराच्या दाराशी उभा राहिला. आत खिळ्याला टांगलेल्या चावीचा सिग्नल पेटीने उचलला आणि गाडीजवळच्या साथीदाराच्या पेटीला दिला. शहाणी गाडी फसली. मालकीणच आली समजून तिने दार उघडलं, इंजिनही सुरू केलं. भाचीच्या मांडवात वऱ्हाड उपाशी बसणार आणि काकूचं नाक कापलं जाणार!

दोघे बसले. गाडी सुसाट निघाली आणि हातभर जाऊन, खण्ण! पोलाद प्लांटचा सुट्टीचा भोंगा झाला समजून पार कोसभर लांबच्या नंदिनी नगरात लोकांनी डबे आवरले. चाकांतून धूर निघाला. वरणाच्या गंजाचं झाकण उडालं आणि दोघांना गरम वरणाचा अभिषेक झाला.

काकू झारा घेऊन बाहेर. “चालू झाली ना? मंग ने ना! कावून थांबून राहिला?”

“मौसी,” वरणात न्हालेला चोर रडकुंडीला आला, “चिप का तो इंतजाम था. ये खूंटा कहाँ से आया?”

पोलीस येईपर्यंत काकूने दोघांकडून गाडी पुसून घेतली. मग सांकळ सोडली, पांढऱ्याची पाठ थोपटली आणि वरातीआधी मांडवात पोचली. वरण थोडं कमी पडलं, कढी वाढली.

काकू आता नाही. पण संध्याकाळी आमच्या गल्लीत सांकळींचा असा खळखळाट होतो की नवखा माणूस गोठा शोधत फिरतो. माझीही नवी गाडी खुंट्याला असते. बांधून झाली की, कोणी बघत नाही ना ते पाहून, मी तिच्या पाठीवर थाप मारतो.