माझ्या बहिणीचा डावा डोळा

धाकटीच्या डोळ्यात काहीतरी आहे, हे घरात सगळ्यात आधी मला दिसलं. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन, ती दोनच्या आसपास. युद्धाचे दिवस होते. आम्ही पाली नावाच्या कोळीवाड्यात राहायचो, घराच्या मागच्या दारातून खाली उतरलं की वाळूच. बा मासेमारीला जायचा, आय बोंबील सुकवायची आणि धाकटी माझ्या कडेवर असायची. तिला सगळे बाय म्हणायचे.

संध्याकाळी आय चिमणी लावायची. ती चिमणी एका बाजूला असली की बायचा डावा डोळा चकाकायचा, मांजराचा चकाकतो तसा पांढुरका. उजवा नाही. मला याची फार मौज वाटली. मी तिला दिव्यासमोर अशी धरायची, तशी धरायची, कुठून बघितलं की उजेड दिसतो आणि कुठून बघितलं की विझतो ते शोधायची. शेजारच्या पोरींना बोलावून दाखवलंही. आमच्यात कोणालाच त्यात काही वाईट वाटलं नाही.

मग मला वाटायला लागलं, मांजराला अंधारात दिसतं, तर या डोळ्याला काय काय दिसत असेल? एका दुपारी मी बायचा उजवा डोळा हातानं झाकला आणि तिच्यासमोर गुळाचा खडा धरला. गूळ म्हणजे तिचा जीव. पण तिनं हात पुढे केला नाही. माझा हात ढकलत रडायला लागली. मी डावा डोळा झाकला, तर तिनं खडा झटक्यात उचलून तोंडात टाकला. मी पुन्हा उजवा झाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायचं मला धाडस झालं नाही. मी तिला उचलली आणि आयकडे गेले.

"आय, बायला या डोल्यानं दिसत न्हाय."

"कोन बोलला तुला?"

"मीच बगितला."

आयनं हात पुसले आणि माझ्यासारखंच करून बघितलं, एकदा गूळ घेऊन, एकदा नुसती बांगडी हलवून. मग ती बायला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. वाळत घालायचे बोंबील टोपलीत पडून होते, त्यांच्यावर माश्या बसल्या तरी ती उठली नाही.

गावात ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. कोणी मोतीबिंदू म्हणालं, कोणी नजर लागली म्हणालं, एका म्हातारीनं मध घालायला दिला. तो घातल्यावर बाय दिवसभर डोळा चोळत रडली. शेवटी रविवारी मिस्सा झाल्यावर फादरनी तिला चर्चच्या दारात उजेडाकडे वळवून बघितलं आणि बाला म्हणाले, "मुंबईला न्या. मध घालत बसू नका."

माल घेऊन बाची होडी मुंबईला जायचीच. त्याच होडीतून आम्ही गेलो, टोपल्यांच्या मधल्या जागेत. मला बरोबर घेतलं, कारण मी शाळेत जात होते आणि घरात पाट्या वाचता येणारी मी एकटीच. मुंबईत डोळ्यांच्या दवाखान्यातून आम्हाला दुसऱ्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. ते नवीन होतं. भिंतींना अजून रंगाचा वास होता.

तिथल्या डॉक्टरांच्या कपाळावर मधोमध भोक असलेला गोल आरसा होता. त्यांनी बायच्या डोळ्यात थेंब घातले, थोडा वेळ बसवलं, मग खोली काळोखी करून एकच दिवा ठेवला आणि त्या भोकातून बघायला लागले. ते बराच वेळ बघत होते. मला राहवलं नाही.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

आयनं मला चिमटा काढला. पण डॉक्टर रागावले नाहीत. "तुलाच आधी कळलं ना? ये, बघ." त्यांनी आरसा माझ्या डोळ्यापाशी धरला आणि माझं डोकं हातानं वळवलं. आधी नुसता लाल उजेड दिसला. मग त्या लाल उजेडात पांढरा गोळा दिसला, भिजलेल्या चुन्याच्या खड्यासारखा. त्याच्यावरून बारीक बारीक शिरा गेल्या होत्या. माणसाच्या डोळ्याच्या आत एवढी जागा असते हेच मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी बाला समोर बसवलं आणि सांगितलं, की हा कर्करोग आहे.

"कर्क म्हंजे?"

"खेकडा. त्या रोगाला तसं नाव पडलंय."

"चिंबोरी?" बा म्हणाला. "डोल्यान?" तो हसल्यासारखा झाला आणि लगेच थांबला.

डॉक्टरांनी मग सरळ सांगितलं. डोळा काढावा लागेल. नाही काढला तर हा रोग मागच्या शिरेतून मेंदूत शिरेल. औषध नाही.

आयनं विचारलं, "दुसरा डोला चांगला हाय?"

"आत्ता तरी स्वच्छ आहे."

"हा काढला तं पोरगी ऱ्हाईल?"

"राहावी. मी वचन देऊ शकत नाही."

"मंग काढा," आय म्हणाली.

बानं तिच्याकडे बघितलं. "अगो, उद्या एका डोल्याच्या पोरीला कोन करंल?"

"करायला पोरगी तं पायजे," आय म्हणाली आणि बायच्या कपड्यांचं गाठोडं सोडायला लागली, म्हणजे ती तिथंच राहणार हे ठरलं.

ज्या वॉर्डात आम्ही राहिलो, तिथं शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडची एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिचा एक पाय मांडीपासून काढलेला होता. मी त्या रिकाम्या जागेकडे बघतेय हे तिनं ओळखलं. "बघायचंय का?" म्हणाली आणि चादर बाजूला केली. मी विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, जो पाय नाही त्याचाच अंगठा खाजतो. मला ते खरंच वाटेना. तिनं शपथ घेतली. मग दुपारभर आम्ही दोघी डोकं खाजवत बसलो, की नसलेला अंगठा खाजवायचा कसा. तिनं मला खाटेवर सागरगोटे खेळायला शिकवलं. खाट उतरती होती, गोटे घरंगळायचे, आणि तिची आई ते खाली वाकून वाकून गोळा करून द्यायची. त्या बाईला मी एकदाही कंटाळलेली बघितली नाही.

बायचा डोळा काढला त्या दिवशी आय जिन्यापाशी उभी होती. तिनं प्रार्थना केली का, मला माहीत नाही. तिचे ओठ मिटलेले होते. बायला आणलं तेव्हा तिच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. शुद्धीवर आल्यावर तिनं ती ओरबाडली, हात धरून ठेवावे लागले. नंतर तिनं पेज मागितली आणि सगळी प्यायली.

पट्टीखाली काय असेल, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. भोक असेल? त्यातून आतलं दिसेल? नर्सनं पट्टी सोडली तेव्हा आधी आय वाकून बघून आली, मग मला म्हणाली, "ये. घाबरन्यासारका काय न्हाय." आत गुलाबी, ओलसर खळगा होता, ओठ उलटा केल्यावर दिसतो तसा. बस्स, एवढंच.

काही महिन्यांनी तपासायला परत गेलो, तर साताऱ्याच्या मुलीची खाट दुसऱ्या कोणाला दिली होती. मी नर्सला विचारलं. ती माझ्याशी खोटं बोलली नाही. तिनं सांगितलं, रोग छातीत गेला, ती पावसाळ्यात वारली. मी माझ्याबरोबर किनाऱ्यावरचे गुळगुळीत दगड आणले होते, तिच्यासाठी, खाटेवर घरंगळणार नाहीत असे चपटे निवडलेले. ते आयनं माझ्याकडून घेतले आणि आपल्या ओच्यात ठेवले.

काचेचा डोळा घ्यायला फोर्टातल्या एका दुकानात जायला सांगितलं होतं. दुकानदार म्हातारा पारशी होता. त्यानं सपाट खण बाहेर ओढला आणि कापसावर ओळीनं डोळे. निळे, घारे, हिरवट, सगळे वर बघत होते. "जर्मनीनो माल," तो म्हणाला, "लढाईमुळे आता येत नाय. काळे संपले, डीकरी." त्यानं खण उलथापालथा करून एक लहान, तपकिरी शोधला. बायच्या दुसऱ्या डोळ्यापेक्षा तो थोडा फिका होता. आय म्हणाली चालेल. बायनं मात्र निळ्याकडे बोट दाखवून हट्ट धरला, आणि तो मिळेना म्हणून दुकानात लोळण घेतली. म्हातारा हसून हसून खोकला.

पुढं तिला ग्लासात पाणी ओतता येईना. ती भांड्याच्या अलीकडेच ओतायची. होडीतून उतरताना पाऊल चुकायचं. मी एक डोळा बांधून दिवसभर घरात फिरून बघितलं, की नेमकं काय होतं. दाराला दोनदा आपटले आणि आयच्या पेजेचं भांडं कलंडवलं. मग आम्ही दोघींनी युक्ती काढली. भांड्याच्या काठाला आधी बोट लावायचं, मग ओतायचं. हळूहळू ती जाळं दुरुस्त करायला शिकली, सुईत दोरा ओवायला शिकली, तो माझ्यापेक्षा लवकर ओवायची.

शाळेत पोरं काणी म्हणाली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिनं रडायच्याऐवजी डोळा काढून तळहातावर घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. "बगा." एक पोरगा पळाला. बाकीच्यांनी हात लावू दे म्हणून रांग लावली. मास्तर आले, तेही थोडं वाकून बघून गेले.

ती मोठी होत गेली तसा डोळा लहान पडायचा, बदलावा लागायचा. दर वर्षी डॉक्टर तिचा उजवा डोळा तपासायचे आणि आय श्वास धरून उभी राहायची. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, डॉक्टर म्हणाले, "आता इतक्या वेळा यायची गरज नाही. ही वाचली असं समजा." आय खुर्चीवर बसली. आठ-नऊ वर्षांत डॉक्टरांसमोर ती पहिल्यांदा बसलेली मी बघितली.

बाय उठली नाही. "माजा डोला कुटं हाय?" तिनं विचारलं.

"हा काय, तुझ्या तोंडावर."

"हा काचेचा. माजा, काढलेला."

आय तिला गप्प करायला गेली. डॉक्टर म्हणाले, "थांब." ते कोणाला तरी भेटून आले आणि आम्हाला वरच्या मजल्यावर घेऊन गेले. टेबलावर एक मायक्रोस्कोप होता. त्यांनी काचेची पट्टी त्याच्याखाली सरकवली. त्या डोळ्याचा पातळ काप त्यांनी जपून ठेवला होता, शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला.

"हे बघताना आम्ही एक डोळा मिटतो," ते म्हणाले. "तुला ते करायची गरज नाही."

बाय स्टुलावर चढली आणि नळीला डोळा लावला. बराच वेळ तिनं तोंड वर काढलं नाही.

"जांबला हाय," ती म्हणाली. "सगले ठिपके. माजा डोला जांबला होता?"

"रंग आम्ही लावला. त्याशिवाय दिसत नाही."

"कशाचा रंग?"

डॉक्टर सांगू लागले. ती ऐकत होती, पुन्हा नळीत बघत होती, पुन्हा विचारत होती. नंतर मी बघितलं. जांभळे ठिपके खरंच होते, दाट, एकमेकांना चिकटून. आयला विचारलं, तिनं मान हलवून नको म्हटलं. पण निघताना दारापर्यंत जाऊन ती परत फिरली, स्टुलाला हात टेकवून वाकली आणि तिनंही बघितलं.