मामांच्या बैलांचा सममितीभंग

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तपासत होते. मामेभाऊ म्हणाला, "ताई, बाबा गेले... जेवता जेवता. भाकर हातातच राह्यली." ताट अर्धवट टाकून उठणं मामांना जन्मात जमलं नव्हतं, त्यामुळे बराच वेळ माझा विश्वासच बसेना.

घाटंजीजवळ त्यांची कोरडवाहू कपाशी. भाची कणभौतिकीत पीएच.डी. करते याचा अभिमान इतका, की बाजारात कुणाचा गुडघा दुखला तरी माझा नंबर देत. "मामा, मी हाडाची नाही, कणांची डॉक्टर होणार," म्हटलं तर म्हणाले, "हाडातबी कणच असतीन ना?"

पहिल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले होते. समीकरण न लिहिता सममितीभंग समजावून सांगा, एवढंच विचारलं होतं. समीकरणं तोंडपाठ, पण सांगायला तोंड उघडेना. दुसरी संधी शेवटची. हुकली तर गाशा गुंडाळायचा. पुस्तकं घेऊन मी मामांकडे आले. माझं पडलेलं तोंड बघून त्यांनी मला कपाशीतलं तण काढायच्या डवऱ्याला बैल जुंपायला धाडलं. चांद्या आणि हिऱ्या, दोघे एका रंगाचे, सारख्याच शिंगांचे. मामा लांबूनच ओरडले, "उलटे जुपले वं! चांद्या उजवीकडचा."

"दोघं सारखेच तर हायेत मामा. काय फरक पडते?"

"मंग हाक."

हाकले. एकमेकांना रेटत दोघांनी कपाशीच्या चार ओळी आडव्या केल्या आणि बांधावर जाऊन थांबले. मामा हसून हसून खाली बसले. "पहिल्या दिवशी कोनताबी कुठंबी चालला असता. पन एकदा जागा ठरली का ठरली."

"ठरवली कोनं?"

"ठरवते कोन! जो जिकडं उभा राह्यला, तो तिकडचा."

मी मटकन ढेकळांवर बसले. नियमाला दोन्ही बाजू सारख्याच, पण जग कुठल्या तरी एका बाजूला ठरून बसतं, आणि मग अदलाबदल चालत नाही... वर्षभर पुस्तकांत डोकं घालून न कळलेलं ते हेच. मामांना वाटलं, पोरीला ऊन लागलं. त्यांनी घागरभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

परीक्षेत मी बैलच सांगितले आणि पास झाले. "तू कायची पास? माहे बैल पास झाले," मामा फोनवर म्हणाले.

तेरवी आटोपून जीपने परतत होते. शेजारी एक म्हातारे बसलेले, ओळख ना पाळख. "बाई, तुले मालूम हाये का? हे सारं जग कणायचं हाये," त्यांनी आपणहून सुरू केलं. "त्यायचीबी जागा एकदा ठरली का ठरली. बाजारात एक जन सांगे. लय शिकेल मानूस होता." मामा सातवी नापास. "आन् कणायले शिंगं असतेत म्हने. बारीक."

तेरवीभर कोरडे राहिलेले माझे डोळे तिथे भरून आले. म्हाताऱ्यांना वाटलं, मला पटलं नाही.

"खोटं नाही सांगत वं बाई."

"असतेत काकाजी," मी म्हटलं. "म्या पाह्यले."