भरताना फुटलेलं पुस्तक

अव्वा आमच्या घरी मागच्या दारानं यायची. डोक्यावर टोपली, कपाळावर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, आणि आवाज असा की ती गल्लीच्या टोकाला आली तरी आमची मांजर उठून बसे. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं मराठी बोलता बोलता ती कानडीत शिरायची आणि परत यायचं विसरायची. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही. सगळ्या तिला अव्वाच म्हणत.

आधी ती बांगड्या भरायची. नवरा वारला आणि धंदा बसला, कारण विधवेच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार? "आमच्या धर्मात असलं कायबी न्हाई," ती म्हणायची, "पर गिऱ्हाइकाच्या धर्मात हाय की." महिना-दीड महिना ती दिसली नाही. मग तीच टोपली, तेच मागचं दार, आणि टोपलीत पुस्तकं! सोलापुरात तेव्हा पुस्तकांची दुकानं नव्हती असं नाही, पण तिथं बायका जात नसत. बायकांच्या स्वयंपाकघरापर्यंत जायची वाट अव्वाला पाठ होती. माझे वडील शाळामास्तर, पण त्यांना हे सात जन्मांत सुचलं नसतं.

विकायची रीतही बांगड्यांचीच. आधी माप घ्यायचं. आईला ती एक पान मोठ्यानं वाचायला लावी आणि डोळे मिटून ऐके. आई अडखळली की म्हणे, "तंग होतंय, वैनी. दुसरं बगू." आई भराभर वाचत सुटली तर, "हे सैल. दोन दिसांत संपंल." बांगडी भरताना फुटली तर ती विकणारीची, हा त्या धंद्यातला नियम. तसंच पुस्तक मनाला आलं नाही तर ती मुकाट्यानं परत घ्यायची. स्वतः ती कानडी वाचायची. मराठी अक्षरं मात्र अशी दारोदार, गिऱ्हाइकांकडूनच शिकली. मला तिचं तेव्हाही कौतुक होतं आणि आज तर जास्तच वाटतं.

आमच्या घरावर, आणि खरं तर सगळ्या गल्लीवरच, आत्याची सत्ता होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, केशवपन केलेली, लाल आलवणातली. तिनं नुसतं खाकरलं तरी वडील वर्तमानपत्र घडी करून ठेवत. अव्वा आली की ती उठून देवघरात जाऊन बसे.

मी बारा वर्षांची होते. चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवायला मला बसवलं होतं आणि माझं लक्ष अव्वाच्या पुस्तकात होतं. दूध उतू गेलं. आत्या आली, माझ्या हातातलं पुस्तक ओढलं आणि एक शब्द न बोलता बंबात घातलं. बोलली ती नंतर, घरोघर जाऊन. ह्या बाईला दारात उभी करू नका, पोरी बिघडतात. आठ दिवसांत अव्वाला सगळी दारं बंद झाली, आणि ती माझ्यामुळं झाली.

पण अव्वा डोक्याला हात लावून बसणाऱ्यातली नव्हती. तिनं बाजारात एक वीतभर गाळा भाड्यानं घेतला, फळ्या ठोकल्या आणि पुस्तकं मांडली. पुरुष यायचे, गादीवर बाई बघायचे आणि पुढं जायचे. बायका तर येणारच नव्हत्या. महिना संपायच्या आत गिऱ्हाईक लागलं नाही तर अव्वा गाळा सोडून गावाकडं जाणार, असं आईच्या कानावर आलं. आई दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून परस्पर दुकानात गेले.

"अव्वा, तुझं पुस्तक आत्यानं जाळलं."

"भरताना फुटलं, म्हंजे माजं," ती म्हणाली. "पर का गं जाळलं?"

"तिला कुठं वाचता येतंय!" मी फणकाऱ्यानं म्हणाले.

अव्वा तडक उठली, भर बाजारवेळी दुकानाला फळ्या लावल्या, माझा हात धरला आणि चालू लागली. आमच्या घरी ती पहिल्यांदाच पुढच्या दारानं आली. आत्या ओसरीवर वाती वळत होती. आता भांडण होणार म्हणून मी खांबाआड झाले.

"आक्का, माजं चुकलं," अव्वा म्हणाली. "बांगडीवाली घरात आली की सवाष्णीपुढं बसती. विधवेकडं बगतबी न्हाई. ती सवय लागली बगा. टोपलीतला माल बदलला, सवय बदलली न्हाई. इतकी वर्सं ह्या घरात आले, वैनीला इचारलं, ह्या पोरीला इचारलं. तुमच्यापुढं टोपली एकदाबी ठेवली न्हाई. आन मी सोता विधवा!"

आत्याच्या हातातली वात तशीच राहिली. "मला अक्षर येत नाही," ती म्हणाली. आत्याचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"येतंय की. बसलं की येतंय. पर हितं न्हाई, दुकानात यायचं."

ही बाई माफी मागतानाही धंदा विसरली नाही!

पाचव्या दिवशी दुपारी आत्यानं मला हाक मारली, आलवणाचा पदर घट्ट ओढला आणि भर बाजारातून माझ्या हाताला धरून अव्वाच्या दुकानात जाऊन बसली. अव्वानं पाटी पुढं केली. ये-जा करणारे थांबून बघत होते. आत्यानं कुणाकडं पाहिलं नाही. 'अ' काढला, पुसला, पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी आई आली. मग शेजारची आली, तिच्या दोन्ही सुना आल्या. आत्याच तिथं बसल्यावर कोण कुणाला अडवणार? गाळा राहिला.

त्या पहिल्या दिवशी घरी येताना मी आत्याला हसत म्हणाले, "अव्वानं तुला विचारायला किती उशीर केला, नाही?"

आत्या चालता चालता थांबली.

"ती परकी बाई, गं," ती म्हणाली. "तू तर रोज माझ्या शेजारी बसून वाचत होतीस."