स्वच्छ हातांचं गिऱ्हाईक

मानिक चौकातल्या त्या रंगाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळा लाल होता आणि सूज उतरेपर्यंत भट्टीच्या वाफेजवळ जायची डॉक्टरांनी मनाई केली होती. तो काळा चष्मा लावून दुकानाच्या पायरीवर बसे, आत बायको कपडे रंगवी. भट्टीवर परत कधी बसतो, एवढीच त्याला घाई होती.

मुलीची ओढणी हिरवी करायला दिली, तेव्हा त्याने आधी माझे तळवे पाहिले.

"भैया, हाथ साबुन से धो लो और ये दवा डाल दो."

घरातल्यांच्या हातांचा रंग कितीही घासला तरी सुटत नसे. म्हणून सूज उतरवणारे थेंब गिऱ्हाइकांनी घालायचे, असा तिथला रिवाज पडला होता. मी थेंब घातला. डोळा मिटूनच तो आत ओरडला, "बिगाड़ मत देना, हरा है!"

"तुम आँख मूँदे बैठे रहो," बायकोने सुनावलं.

पुढच्या खेपेला डोळा स्वच्छ दिसत होता. उद्यापासून भट्टीवर बसायची परवानगी मिळाली होती. ओढणी उन्हात धरून तो बराच वेळ पाहत राहिला.

"ये हरा तुमने रंगा?" त्याने बायकोला विचारलं.

"हमेशा ऐसा ही हरा रंगती थी. मोतियाबिंद से तुमको सब पीला दिखता था, तो ऊपर से नीला डाल देते थे."

तो पोट धरून हसला.

"तो भट्टी अब तुम्हीं सँभालो," तो म्हणाला, आणि मान मागे टाकून त्याने थेंबांची बाटली माझ्यापुढे धरली.