आधी नाव सांगा

माझ्या धाकट्या जावेला अख्खी गल्ली डॉक्टरीणबाई म्हणते. मी तिला 'इन्स्पेक्टर' म्हणते, तेही तोंडावर. तिला राग म्हणून येत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी पडले तोंडाची फटकळ, माझी फार पंचाईत होते.

आमच्या घराच्या तळमजल्यावर तिचा दवाखाना. पुढच्या खोलीत बाकडी आणि माझं काउंटर, मधल्या खोलीत तपासणी, मागे इंजेक्शन आणि ड्रेसिंग. लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसती अडगळ होती. तिने सगळ्यात आधी काय आणावं? टेबल-खुर्ची नाही, बेसिन. एक मधल्या खोलीत, एक मागच्या. प्लंबर म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा जागेत दोन-दोन बेसिनं कशाला?" ही म्हणाली, "दुसऱ्या खोलीत जायचं म्हटलं की हात धुवायचा कंटाळा येतो. मलासुद्धा." तेव्हाच मी ओळखलं, ही बाई साधीसुधी नाही.

तिचे नियम तरी किती सांगू! वापरलेली सुई तिथल्या तिथे जाड डब्यात, टेबलावर क्षणभरही ठेवायची नाही. औषधाची तारीख उलटायला आली की बाटली कपाटाबाहेर. कुणी "एक सुई टोचाच हो, म्हणजे बरं वाटेल" म्हणून हटून बसलं, तर ही गोड हसते आणि सुई काही टोचत नाही. कितीतरी जण तणतणत गेले आणि मुकाट्याने परत आले.

पण सगळ्यांच्या डोक्यात जायचा तो एकच नियम. इंजेक्शनच्या आधी, समोर कुणीही असो, "आधी नाव सांगा. पूर्ण. आणि जन्मतारीख." मग ट्रेवरच्या चिठ्ठीशी ताडून बघायचं. आता आमच्याकडे येणारी माणसं म्हणजे कुणी काका, कुणी मावशी, कुणी भाऊ. नावाने कोण कुणाला ओळखतंय? समोरच्या शिंप्याला विचारलं तेव्हा तो भडकलाच. "डॉक्टरीणबाई, तुमच्या नवऱ्याचा लग्नातला कोट मी शिवलाय, आणि मला नाव विचारता?"

"कोट शिवताना माप घेतलं होतं ना?" ही म्हणाली. "ओळखीचा होता तरी?"

शिंप्याने निमूट नाव सांगितलं.

आमच्या सासूबाईंना दर महिन्याला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं. पहिल्या खेपेला हिने त्यांनाही विचारलं. अहो, स्वतःच्या सासूला! सासूबाईंचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. मी दारात उभी. म्हटलं, आता काही खरं नाही. शेवटी त्यांनी कसंबसं नाव सांगितलं, आणि त्या दिवशी वर येऊन कुणाशी बोलल्या नाहीत. पुढेही तेच. इंजेक्शनच्या दिवशी बाई गप्प गप्प. आम्ही सगळे समजून चाललो की त्यांचा अपमान झालाय.

गेल्या वर्षी तपासणी लागली. लहान मुलांना लस द्यायची तर दवाखान्याला आता मान्यता हवी होती. स्वच्छता, औषधांची साठवण, सुरक्षितता, सगळं बघणार. मान्यता नाही मिळाली तर आमच्याकडची लस बंद, आणि गल्लीतल्या आयांनी तान्ही लेकरं घेऊन बसने पार दुसऱ्या टोकाला जायचं. जाऊ वरवर हसत होती, पण ताटातलं ताटातच राहत होतं.

नेमकं त्याच दिवशी सासूबाईंचं इंजेक्शन. माझा पाय खिळा लागून चिघळला होता, म्हणून मलाही अँटिबायोटिकचं इंजेक्शन घ्यायचं होतं. आणि हे तेच औषध, ज्याने पूर्वी एकदा सासूबाईंचा घसा सुजून श्वास कोंडला होता. थोडक्यात वाचल्या होत्या त्या.

सकाळी भावोजी बायकोला म्हणाले, "आज तेवढं आईला नाव विचारू नकोस. परक्यांसमोर ती काही बोलली तर शोभा होईल." ती नुसतं "बघू" म्हणाली.

तपासायला दोघं आले, एक बाई आणि एक गृहस्थ. बाई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. फ्रीज पाहिला, कपाटं पाहिली, सुयांचा डबा पाहिला, दोन्ही बेसिनांचे नळ सोडून पाहिले. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून होते, पण चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ.

मग मागची खोली. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून खुर्चीत बसलेल्या, मी शेजारी स्टुलावर. टेबलावर दोन ट्रे शेजारी शेजारी, एक त्यांचा, एक माझा. दोन्ही चिठ्ठ्यांवर आडनाव एकच, आमच्या घराचं. गृहस्थांनी काहीतरी विचारलं. जावेने उत्तर देता देता एक ट्रे उचलला, सासूबाईंचा दंड कापसाने पुसला. नाव विचारलं नाही. विसरली की नवऱ्याचं ऐकलं, देव जाणे.

सासूबाईंनी हात मागे ओढला.

"अगं, आधी नाव विचार."

"आई, आज राहू दे ना..."

"का राहू दे? दर वेळी विचारतेस. आज पाहुणे आले म्हणून मी काय बिननावाची झाले? विचार."

तिने विचारलं. सासूबाईंनी ताठ बसून नाव सांगितलं, पूर्ण, जन्मतारखेसकट. जावेने चिठ्ठी पाहिली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तो ट्रे माझा होता.

समोरच्या दोघांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी असते तर गुपचूप ट्रे बदलून मोकळी झाले असते, खोटं कशाला बोलू! हिने ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्याकडे वळली.

"आत्ता माझ्या हातून चूक होत होती. एका घरचे दोन पेशंट मी एकाच वेळी तयार ठेवले, आणि नाव न विचारता दुसरीचं औषध यांना देत होते. ते यांना चालत नाही. जिवावर बेतलं असतं. यांनी थांबवलं म्हणून थांबले."

एक शब्द गिळला नाही पोरीने.

त्या बाई म्हणाल्या, "बोलला नसतात तर आम्हाला पत्ताही लागला नसता."

"हो. पण मग मीही विसरून गेले असते, आणि कधीतरी परत असंच झालं असतं."

बाई सासूबाईंकडे वळल्या. "आजी, ट्रे चुकलाय हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय डोंबल कळतंय? मला एवढंच माहीत, हिने नाव विचारल्याशिवाय हात पुढे करायचा नाही."

दोघं गेल्यावर जाऊ बाकड्यावर येऊन बसली. "ताई, गेली आपली लस," म्हणाली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, "गेली तर गेली! ज्यांना तू नको असशील त्यांची मान्यता चुलीत घाल." माझेही डोळे भरून आले होते, पण खरं सांगते, तिचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. संध्याकाळपर्यंत तिने नियम बदलला होता: त्या खोलीत एका वेळी एकच ट्रे.

मग एके दुपारी फोन वाजला. त्याच बाई होत्या. "मान्यता दिली आहे," म्हणाल्या. "आणि तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा."

मी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. भावोजी धावत खाली आले, मागोमाग सासूबाई. भावोजींनी हसत हसत विचारलं, "काय आई, गेला का आता तरी नाव विचारण्याचा राग?"

"राग? कुणाला आला होता राग?" सासूबाई बाकड्यावर टेकल्या. "लग्न झालं तशी मी सूनबाई झाले. मग वहिनी, मग आई, आता आजी. हिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझंच नाव मला घशातून बाहेर काढता येईना. या घरात मला माझं नाव विचारलं ते एकट्या हिने."

 

पुढच्या महिन्यात सासूबाईंनी आतल्या खोलीत आपलं नाव इतकं खणखणीत सांगितलं, की पुढे बसलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. एका नव्या पेशंटने मला विचारलं, "कोण हो या?"

"नाव तर ऐकलंतच. त्या माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "आणि नाव विचारणारी आहे ना, ती माझी जाऊ."